ओटा आठ पूर्णांक नऊ सेंटिमीटर वर

दशांशरावांना स्वयंपाकघर बदलायचं नव्हतं. हे त्यांनी पुढे अनेकांना अनेकदा सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. त्यांना फक्त ओटा वर घ्यायचा होता, तोही आठ पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटरने. जास्त नाही आणि कमी नाही.

कारण होतं बायकोची कंबर. ज्यांच्याकडून घर घेतलं त्या बाई उंचीने बेताच्या होत्या आणि ओटा त्यांनी स्वतःच्या सोयीने बांधून घेतला होता. दशांशरावांची बायको चांगली उंच. अकरा वर्षं ती त्या ओट्यावर वाकून भाजी चिरत आली होती. आता संध्याकाळी काम आटोपलं की एक हात कमरेवर आणि दुसरा फ्रिजच्या मुठीवर ठेवून ती टप्प्याटप्प्याने सरळ व्हायची, आणि शेवटच्या टप्प्याला तोंडातून एक आवाज निघायचा, तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या दशांशरावांना पेपरच्या आरपार ऐकू यायचा. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग व्यायाम दिले, आणि तिसऱ्या खेपेला चष्मा काढून विचारलं, "ओटा केवढा उंच आहे तुमचा?"

"एकोणऐंशी पूर्णांक तीन," दशांशराव म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आधी तो वर घ्या. यांचं वाकणं थांबलं नाही तर वर्षभरात पट्टा लागेल, आणि पुढचं मला आत्ता बोलायचं नाही. ओटा तुम्ही बघा, कंबर मी बघतो."

कामाची अशी वाटणी झाल्यावर दशांशरावांना हुरूप आला. ते वजनमापे तपासण्याच्या कार्यालयात होते. दुकानातले काटे, कापडवाल्यांच्या पट्ट्या, दूधवाल्यांची मापं हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि कुठलाही आकडा ते पूर्णांकावर सोडत नसत. 'दशांशराव' हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं. पण पाठीमागची नावं फार दिवस पाठीमागे राहत नाहीत. आता शेजारीही त्यांना तसंच म्हणत आणि तेही ओ देत.

ओट्याची उंची कशी ठरवायची, याचं शास्त्र आहे. उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून जितकं वर, त्यातून पंधरा सेंटिमीटर वजा. दशांशरावांनी बायकोचं कोपर दिवसातून तीनदा मोजलं, कारण माणूस सकाळी किंचित उंच असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत तो जवळजवळ सेंटिमीटरभर खचतो.

"अकरा वर्षांत किती खचले तेही लिहा हो बाजूला," हातात डाव धरून भिंतीला टेकून उभी असलेली बायको म्हणाली.

"अगं, हलू नकोस. सरासरी बिघडते."

सरासरी एकशे तीन पूर्णांक दोन आली. वजा पंधरा, अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन. जुना ओटा एकोणऐंशी पूर्णांक तीन. फरक आठ पूर्णांक नऊ. हा हिशोब वहीच्या तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिला गेला, आणि खाली दोन रेघा ओढल्या गेल्या.

पैशाचं म्हणाल तर बाजूला टाकलेली रक्कम बरोबर एका ओट्यापुरती होती, आणि तीही जुना दगड सुटा काढून पुन्हा वापरला तरच. म्हणून दशांशरावांनी तीन मिस्त्री बघितले आणि सर्वांत कमी बोलणारा निवडला. कमी बोलणारा माणूस काम नेमकं करतो, अशी त्यांची समजूत होती. मिस्त्रींनी ओट्याकडे बघितलं, भिंतीला पालथा पंजा टेकवून एक वीत मोजली, आणि म्हणाले, "होईल. दोन दिवस."

दशांशरावांच्या अंगावर शहारा आला. वीत! ज्या माणसाने अर्ध्या ग्रॅमसाठी दुकानदारांची दुकानं बंद केली, त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच डोळ्यांदेखत वीत! त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की मिस्त्रींच्या पंजावर काहीही सोडायचं नाही. त्या संध्याकाळी पाणी भरलेली पारदर्शक नळी, ओळंबा आणि बारीक ब्रश घेऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या तीन भिंतींवर, जमिनीपासून बरोबर अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोनवर, एक लाल रेषा आखली. रेषेची जाडी एक मिलिमीटर होती, म्हणून शेजारी लिहून ठेवलं: 'रेषेची वरची कड धरावी.'

दुसऱ्या दिवशी बायको बारा दिवसांसाठी बहिणीकडे गेली. धूळ आणि कंबर दोन्ही एका घरात नकोत, असं डॉक्टरांचंही म्हणणं होतं. रिक्षात बसताना ती म्हणाली, "फक्त ओटा. ऐकताय ना? दुसऱ्या कशाला हात लावू नका."

"दुसरं आहेच काय?" दशांशराव म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या दिवशी सव्वादहाला दगडाचे दोन तुकडे झाले.

मिस्त्री पहारीने तो अलगद उचलत होते. अलगद या शब्दाचा अर्थ निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळा असतो. एक आवाज झाला, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर मिस्त्री म्हणाले, "तडा आधीचाच होता, साहेब."

"आधीचा तडा मला दिसला असता."

"आतून होता."

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. समोरच्या काकू म्हणजे समोरच्या दारातल्या. इमारतीत कुठेही हातोडीचा पहिला घाव बसला की त्या पायांत चपला सरकवत, आणि तिसऱ्या घावापर्यंत जागेवर पोहोचत. त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर चारदा फोडून बांधलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द चाले.

"अरे, फुटला ते बरंच झालं की!" काकू म्हणाल्या. "एवढा लांबलचक ओटा एकाच भिंतीला कशाला? हा मोठा तुकडा शेगडीला ठेव, आणि हा लहान नेऊन टाक खिडकीखाली. तिथे सिंक. उजेडात भांडी घासायला मिळतील तिला. आत्ता त्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून वाकूनच गेली बिचारीची कंबर."

दशांशरावांनी तुकडे मोजले. लांब तुकडा शेगडीच्या भिंतीला पुरत होता. लहान तुकडा खिडकीखाली बसत होता, तोही दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर सोडून. नवा दगड घ्यावा लागणार नव्हता. आणि कमरेचा उल्लेख झाला होता. माणसाला फशी पाडायला मूर्खपणा लागतोच असं नाही. दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर सारखे सुटले तरी पुरतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय झालं आज?"

"काम सुरू झालंय. प्रगती समाधानकारक."

"दगड नीट निघाला?"

"निघाला," दशांशराव म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

तिसऱ्या दिवशी प्लंबर आला. हा माणूस मिस्त्रींच्या उलट, अखंड बोलणारा. त्याने खिडकीखालची जागा पाहिली, मग समोरच्या कोपऱ्यातलं जुनं सांडपाण्याचं तोंड पाहिलं, आणि शीळ घातली. "सिंक हितं, तोंड तिथं. पाणी काय उडत जाणार का, साहेब? मधे फरशी फोडून पाइप टाकावा लागेल."

फरशी फोडायची तर सोसायटीची परवानगी हवी. सोसायटीचे सेक्रेटरी दशांशरावांच्या बरोबर खालच्या घरात राहत. ते संध्याकाळी सहा ते सात सेक्रेटरी असत. उरलेले तेवीस तास ते खालच्या मजल्यावरचे रहिवासी असत, आणि या दोघांचं आपसात फारसं पटत नसे.

दशांशराव सहा वाजता अर्जाच्या दोन प्रती आणि प्रमाणात काढलेला नकाशा घेऊन गेले. सेक्रेटरींनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"हा बाण कसला?"

"उत्तर दिशा."

"सिंक उत्तरेला वाहणार आहे का?"

"नकाशात दिशा दाखवायची पद्धत असते."

"हं. छान काढलाय. सेक्रेटरी म्हणून माझी काडीचीही हरकत नाही."

दशांशरावांनी खिशातून पेन काढून पुढे केलं.

"पण फरशी फोडायची तर खालच्या रहिवाशाचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. नियम सतरा."

"खालचे रहिवासी तुम्हीच आहात."

"हो, पण आत्ता सहा वाजून वीस मिनिटं झालीत. रहिवासी सातनंतर भेटेल."

सात वाजून पाच मिनिटांनी दशांशरावांनी पुन्हा तीच बेल वाजवली. तोच माणूस शर्ट काढून बनियनवर दार उघडायला आला आणि त्यांना प्रथमच पाहत असल्यासारखा म्हणाला, "बोला."

दशांशरावांनी सगळं पुन्हा सांगितलं. नकाशाही पुन्हा दाखवला.

"छे छे! माझी सक्त हरकत आहे," रहिवासी म्हणाले. "उद्या वरून पाणी गळायला लागलं तर मी कुणाकडे जायचं?"

"सेक्रेटरींकडे."

"तो ऐकतो का कुणाचं?"

एकंदरीत ठरलं ते असं: अर्ज सभेपुढे ठेवायचा, सोबत इंजिनियरचा दाखला जोडायचा, आणि सभा दोन महिन्यांनी होती. बायको नऊ दिवसांनी येणार होती. घरात ओटा नव्हता, सिंक नव्हतं, आणि दशांशराव तीन दिवस ग्लास न्हाणीघरात विसळून घेत होते. जिना चढताना ते थांबले, परत खाली गेले, आणि रहिवाशांना विचारलं, "फरशी फोडली नाही, फरशीच्या वर काही केलं, तर?"

"वर काहीही करा हो. डोंगर बांधा. खाली फक्त येऊ नका."

प्लंबरला हे फार आवडलं. "मग काय! पाइप वरनंच नेतो. खिडकीपासून सरळ, सिंकच्या पुढ्यातून, दाराच्या बाजूने कोपऱ्यात. दोन इंचाचा पाइप. उतार एक इंच."

"आणि तो पाइप सगळ्यांनी ओलांडत फिरायचं?"

"फरशी वर घेऊ ना, साहेब. सगळ्या खोलीत भर टाकायची, पाइप झाकून जातो. भर आणि टाइल मिळून वर अजून अर्धा इंच."

दशांशरावांनी हे तिन्ही आकडे वहीत लिहून घेतले. त्यांची बेरीज मात्र केली नाही. म्हणजे करता आली नसती असं नाही. ते दिवसाला शेकडो बेरजा करत. पण फरशी हा विषय वहीच्या अकराव्या पानावर होता आणि ओटा तिसऱ्या पानावर, आणि एका पानाचं दुसऱ्यात मिसळू नये ही त्यांची नोकरीतली शिस्त होती. शिस्तीच्या माणसाला गंडवायला दुसरं कुणी लागत नाही.

टाइल्सचा प्रश्न काकूंनी सोडवला. त्यांच्या भाच्याकडे घर बांधून उरलेली खोकी पडून होती. "नुसती घेऊन ये. पैसे कसले मागतोस!" टाइल्स वांगी रंगाच्या होत्या. त्यांवर मधूनमधून सोनेरी ठिपके होते. भाच्याकडे त्या का उरल्या हे खोकी उघडताच कळलं, पण तोवर ती तीन मजले वर आली होती.

"आज काय?" फोनवर बायको.

"फरशीचं थोडं बघतोय."

"फरशीचं?"

"अगं, ओघात आलं."

 मग ती म्हणाली, "अहो, ओटा वर होतोय ना? एवढंच सांगा. ताईकडचा ओटा उंच आहे, मी काल तासभर उभी होते इथे, काही दुखलं नाही. मला वाटायचं आता हे असंच राहणार. पण नाही दुखलं."

 दशांशरावांनी खाकरून सांगितलं, "ओटा रेषेवर होणार. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही."

आणि या बाबतीत ते शब्दाला जागले, हीच पुढची सगळी भानगड.

सातव्या दिवशी मिस्त्रींनी ओट्याच्या भिंती उभ्या केल्या. दशांशरावांनी ऑफिसातून येऊन लेव्हल लावली, तर उजवीकडची भिंत रेषेच्या चार मिलिमीटर वर. चार! त्यांनी ती उतरवायला लावली. मिस्त्रींनी न बोलता वरचा थर काढला, पुन्हा भरला. आता दोन मिलिमीटर खाली. पुन्हा भरायला लावला. ही कवायत दीड दिवस चालली. काकू मधूनमधून येऊन "अरे, दोन केसांच्या जाडीसाठी त्याचा जीव घेतोस का?" म्हणून जात. शेवटी भिंत रेषेच्या वरच्या कडेला अशी भिडली की मधे कागद सरकेना. दशांशराव घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

नेमक्या अशा वेळी, आयुष्यात प्रथमच, मिस्त्रींनी आपणहून काही विचारलं. "साहेब, आता फरशी वर येणार. मग ही रेषा पण वर घ्यायची ना?"

दीड दिवस ज्या रेषेसाठी ते झगडले, ती हलवायची? दशांशरावांना हा सरळ सरळ सूड वाटला.

"मिस्त्री, तुम्ही वितीने मोजता. मी काही बोललो? नाही बोललो. पण या रेषेला हात लावायचा नाही. रेषा म्हणजे रेषा."

"फरशी साडेतीन इंच..."

"फरशीचं फरशीला. ओटा माझा आहे."

मिस्त्रींनी थापी पाण्यात बुडवली, झटकली. "तुम्ही म्हणाल तसं."

या वाक्याइतकं धोक्याचं वाक्य कारागिराच्या तोंडी दुसरं नसतं. पण ते कळायला आधी एकदा ते ऐकून घ्यावं लागतं.

दोन्ही तुकडे रेषेवर बसले: लांब शेगडीखाली, लहान खिडकीखाली सिंकभोवती. मग भर पडली, मग वांगी टाइल्स बसल्या. फरशी वर आल्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडेना, म्हणून सुतार आला आणि दार खालून कापून गेला. फ्रिज आत घेताना वर माळ्याला लागला, म्हणून तो बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी राहिला. उंबऱ्यापाशी आता पायरी झाली होती. काकू पहिल्या दिवशी तिथे अडखळल्या आणि दुसऱ्या दिवशीही अडखळल्या, आणि दोन्ही वेळा दशांशरावांकडे बघून म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस."

खालून सेक्रेटरी आले, तेही सहा वाजताच. त्यांनी फरशीवर टाच आपटून पाहिली. "वजन वाढलं असेल. माझं छत तुमच्या भरवशावर आहे, दशांशराव." शनिवारी ऑफिसातला एक सहकारी काम बघायला आला. खोलीत उभं राहून तो बराच वेळ टाइल्सकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ठिपके मोजलेत का?"

पण ओटा! ओटा रेषेवर होता. दशांशरावांनी सगळे डबे आपल्या हाताने लावले. ओट्याखाली बोटभर फट ठेवून बसणारं पिठाचं मोठं पिंप होतं, ते त्यांनी आत सरकवलं, आणि ते पूर्वीसारखंच, बोटभर फट ठेवून बसलं. 'वा, चपखल!' असं ते स्वतःशी म्हणाले. शास्त्र शिकलेल्या माणसाने त्या क्षणी खाली बसून विचार करायला हवा होता. ते बसले नाहीत, कारण बायकोची गाडी साडेपाचला येणार होती.

बायको आली. तिने पायरी बघितली, दार बघितलं, टीव्हीशेजारचा फ्रिज बघितला. वांगी टाइल्सकडे तिने मुद्दाम जास्त बघितलं नाही. ती सरळ ओट्यापाशी गेली. तिथे दशांशरावांनी सुरी, फळी आणि एक भोपळा मांडून ठेवला होता, उद्घाटनासाठी. मागे दारात काकू होत्या, सेक्रेटरी होते, आणि राहिलेला हिशोब घ्यायला आलेले मिस्त्री पायरीवर बसले होते.

बायकोने सुरी उचलली आणि वाकली.

 तिने भोपळ्याची एक फोड कापली, दुसरी कापली. मग डावा हात आपोआप मागे कमरेवर गेला, आणि उजवा, जिथे पूर्वी फ्रिज असायचा तिथे, हवेत चाचपडत राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही वर घेतलात ना?"

दशांशरावांनी फीत काढली. जमिनीवर टेकवली, वर ओढली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

एकोणऐंशी पूर्णांक चार.

बारा दिवस, एक दगड, एक दार, एक अर्ज, आणि एका मिलिमीटरची प्रगती.

"रेषा तर बरोबर आहे!" त्यांच्या तोंडून निघालं. रेषा खरंच बरोबर होती. फक्त ती जिथून मोजली होती ती जमीन आता साडेतीन इंच खाली, सिमेंटमध्ये पुरलेली होती.

"मी विचारलं होतं, साहेब," पायरीवरून मिस्त्री म्हणाले.

मग सगळे एकदम बोलू लागले. काकू म्हणाल्या, ओट्यावर अजून एक ओटा चढव. सेक्रेटरी म्हणाले, वजन वाढवायला सेक्रेटरी म्हणून हरकत नाही, पण खालच्या रहिवाशाला विचारावं लागेल. शेगडीखाली विटा ठेवाव्यात, असंही कुणी सुचवलं. म्हणजे शेगडी वर आणि चिरणं तिथेच. नवं काही बांधायला रक्कम शिल्लक नव्हती. ती दारातून, पाइपातून आणि तीन मजल्यांच्या हमालीतून केव्हाच निघून गेली होती. दशांशराव फीत हातात धरून उभे होते. ती आपोआप गुंडाळली जाणारी फीत होती, आणि शेवटी सटकन आत गेली तेव्हा त्यांना अंगठ्याला लागलं, पण त्यांनी आवाज काढला नाही. बायकोने कमरेवरचा हात अजून काढलेला नव्हता, आणि ते फक्त त्या हाताकडे बघत होते. आयुष्यात एवढं चुकीचं माप त्यांनी घेतलं नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात एका आकड्याचीही चूक नव्हती.

"जुनी फरशी कुठे आहे?" बायकोने मिस्त्रींना विचारलं.

"आहे की. खालीच."

"फोडलेली नाही?"

"नाही, वहिनी. जशी होती तशी आहे."

बायकोने ओट्यापुढे उभं राहून पायाने एक चौकोन दाखवला. "मग एवढं उकरा. मला खालीच उभं राहायचंय."

मिस्त्रींनी आळीपाळीने तिच्याकडे आणि दशांशरावांकडे पाहिलं, आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराला कारागीर भेटल्याची ओळख उमटली. अर्थात ती दशांशरावांसाठी नव्हती. "अर्ध्या दिवसाचं काम," ते म्हणाले. "रोजी नको मला. साहेबांनी शिकवलं पुष्कळ."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेगडीपुढे अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद खड्डा तयार झाला, तळाला जुनी पांढरी फरशी आणि चारी बाजूंनी वांगी काठ. बायको खड्ड्यात उतरली. ताठ उभी राहिली. सुरी घेऊन तिने अर्धा भोपळा चिरला, मग उरलेला अर्धा, मग सापडली ती सगळी भाजी. कोपराखाली बरोबर पंधरा सेंटिमीटरवर ओटा होता. तासाभराने ती वर आली ती एका दमात, कशालाही न धरता.

"दुखतंय?" दशांशरावांनी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली, आणि अकरा वर्षांनी त्यांनी तिला स्वयंपाकघरात हसताना पाहिलं.

डॉक्टरांनी महिन्याने तपासून समाधान व्यक्त केलं. ओटा किती वर घेतला हे त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "ओटा नाही, मी खाली आले." डॉक्टरांनी ते काहीतरी घरगुती बोलणं समजून पुढे विचारलं नाही. वाकणं मात्र त्यांनी पूर्ण बंद सांगितलं. तेव्हापासून भांडी दशांशरावांकडे आली, आणि यात तक्रारीला जागा नव्हती.

तक्रारीला जागा नव्हती, पण कारण होतं, आणि ते म्हणजे सिंक. सिंकही त्याच लाल रेषेवर बसवलं होतं, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही, आणि त्याचा तळ त्याहून अठरा सेंटिमीटर खाली होता. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी शेवटचं पातेलं उपडं घालून दशांशराव सरळ व्हायला गेले आणि मधल्याच टप्प्यावर थांबले. एक हात कमरेवर गेला होता. दुसरा खिडकीच्या गजावर.

खड्ड्यातून बायकोने मान वळवून पाहिलं. काही वेळ तिने त्यांना तसंच राहू दिलं. मग अगदी मायेने म्हणाली, "अहो, तिथेही एक खड्डा करून घ्या ना. मिस्त्री अर्ध्या दिवसात करतील."

दशांशरावांनी पायाखालच्या वांगी टाइलकडे पाहिलं. 

"इथे पाइप आहे," ते म्हणाले.